नोझल का गळतंय, हे विचारणारा वाचक

माझ्या भावाचा मुलगा इंजिनीअरिंग करून गंगापूर रोडला मित्रांसोबत खोली घेऊन राहतो. नोकरी आहे, संध्याकाळी हाताशी वेळ आहे आणि त्याला ॲफिलिएट वेबसाइट काढायची आहे. मागच्या रविवारी जेवायला आला तेव्हा त्याने फोनमधली यादी माझ्यापुढे धरली. मोबाइल, प्रोटीन पावडर, क्रेडिट कार्ड, वेब होस्टिंग, वजन कमी करणं. "आत्या, यातल्या कोणत्या निशमध्ये पैसा आहे?" निश म्हणजे वेबसाइटचा ठरावीक विषय. यादीत वावगं काही नव्हतं. हा विषय कुठेही शोधा, हीच नावं पुढे येतात. मला खटकलं ते वेगळंच. त्याच्या वडिलांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, शाळेत असल्यापासून हा ऑक्टोबर छाटणी ते काढणी बागेत राबला आहे, आणि त्याच्या यादीत शेतीतली एकही वस्तू नव्हती.

हा धंदा ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. आपल्या पानावर एखाद्या वस्तूची माहिती लिहायची आणि खाली ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची. वाचक त्या लिंकवरून गेला आणि ठरलेल्या मुदतीत त्याने खरेदी केली, तर दुकान आपल्याला कमिशन देतं. गिऱ्हाइकाला वस्तू त्याच भावात पडते. ॲमेझॉनने ही पद्धत १९९६ मध्ये पुस्तकांच्या विक्रीसाठी सुरू केली. भारतात त्यांचं दुकान उघडलं जून २०१३ मध्ये. लिंकवर बोट टेकवल्यापासून २४ तासांत वस्तू निदान कार्टमध्ये तरी पडावी लागते, नाहीतर आपल्या हाती काही लागत नाही.

कमिशनवर चालणारा बाजार नाशिक जिल्ह्याला नव्याने शिकवायची गरज नाही. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या मार्केटमध्ये अडत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडले होते. पट्टीतून कापले जाणारे पैसे कोणाच्या खिशातले, यावर तेव्हा ओट्याओट्यावर वाद झडत होते. ॲफिलिएट वेबसाइट हीसुद्धा अडतच आहे. पैसे दुकानदार देतो, पण उभं राहायचं असतं घेणाऱ्याच्या बाजूने. अडत्याचा शब्द खोटा निघाला की पुढच्या हंगामात शेतकरी दुसऱ्याच्या गाळ्यावर ट्रॅक्टर उभा करतो. वेबसाइटच्या वाचकाला तर तेवढंही करावं लागत नाही, तो मागे फिरतो आणि गुगलच्या यादीतल्या पुढच्या लिंकवर जातो.

म्हणून कोणत्या विषयात पैसा आहे, हा प्रश्न मला दुसऱ्या नंबरचा वाटतो. पहिला प्रश्न असा की, कोणत्या विषयात आपला शब्द खरा ठरेल? मोबाइलचं घ्या. नवा फोन आला की मोठ्या माध्यमसंस्था त्याच दिवशी व्हिडिओ, फोटो, बॅटरीच्या चाचण्या घेऊन हजर होतात. गंगापूर रोडच्या खोलीत बसलेल्या मुलाच्या हातात तो फोनही नसतो. कंपनीने दिलेली माहिती उलटीपालटी करून तो लिहिणार, आणि तसं लिहिणारे हजारो. शिवाय फोनवरचं कमिशन नाममात्र. गुगलने एप्रिल २०२१ पासून वस्तूंची परीक्षणं वेगळ्या निकषांवर तपासायला घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये पानांची प्रत ठरवणाऱ्या त्यांच्या मार्गदर्शिकेत लिहिणाऱ्याचा प्रत्यक्ष अनुभव हा निकष आला. वस्तू हाताळून लिहिलं आहे का, हे आता पाहिलं जातं. ही मेख आपल्यासारख्यांच्या फायद्याची आहे, हे मात्र फार कमी मुलांच्या लक्षात येतं.

दुसरा मोह सिंहस्थाचा. जाहीर कार्यक्रमानुसार ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. नाशिकमध्ये वेबसाइटचा विषय निघाला की कोणीतरी कुंभमेळ्याचं नाव घेतंच. शोधणारे लाखो असणार, हेही खरं. पण लोक काय शोधणार? स्नानाच्या तारखा, रामकुंडाचा रस्ता, वाहनतळ, त्र्यंबकची बस. तारीख गुगल स्वतःच वर लिहून दाखवतं, बाकीचं प्रशासन आणि वर्तमानपत्रं सांगतात. उरतं ते हॉटेलचं आरक्षण, तिथे मोठ्या कंपन्या ठाण मांडून आहेत. आणि या विषयात चूक महागात पडते. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकाजवळ झालेली चेंगराचेंगरी ज्यांनी पाहिली, ते बंद रस्त्याची चुकीची माहिती गंमत म्हणून घेणार नाहीत. त्यातून २०२८ नंतर विषय आटणार, पुढचं सिंहस्थ बारा वर्षांनी. वृद्ध आई-वडिलांना घेऊन येणाऱ्यांसाठी कोणी पायी चालून, घाटाच्या पायऱ्या मोजून, नीट माहिती लिहिली तर मी त्याचं स्वागत करीन. पण ती सेवा समजून लिहावी, त्यावर घर चालवायचा बेत करू नये.

येवल्याची पैठणी हा विषय मला मनापासून आवडतो आणि तरीही नव्या मुलाला मी तो सुचवणार नाही. "ओरिजनल पैठणी कशी ओळखायची" हा प्रश्न बायका वर्षभर विचारतात. त्याचं उत्तर देता येतं: पदर उलटा करून पाहायचा. हातमागावर विणलेल्या पैठणीत मोर, आसावलीची वेल मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागे धाग्यांचे तरंगते पट्टे दिसतात. असा लेख भरपूर वाचला जाईल. पण खरी पैठणी घेणारी बाई वाचून झाल्यावर लिंकवर बोट टेकवत नाही. ती आईला आणि मावशीला घेऊन येवल्याला जाते, चार दुकानं फिरते, पदर हातात धरून उजेडात बघते. जी क्लिकवर विकली जाते ती सेमी पैठणी, आणि खरी ओळखायला शिकवणाऱ्या लेखाखाली सेमीची लिंक देणं मला पटत नाही. वाचक खूप आणि खरेदी नाही, असे विषय बरेच असतात. वाइनचंही तसंच. नाशिकची ओळख म्हणून वाचायला लोकांना आवडतं, पण दारूच्या जाहिरातीला आपल्याकडे बंदी आहे आणि बाटली काही ॲमेझॉनवर मिळत नाही.

मग भाच्याला मी त्याच्या घरी घेऊन गेले. माळ्यावर त्याच्या वडिलांचा पाठीवरचा बॅटरी पंप होता. द्राक्षाला ट्रॅक्टरचा ब्लोअर लागतो, पण बांधावरच्या टोमॅटोला, कांद्याला, घरापुरत्या भाजीला हाच पंप. सोळा लिटरची टाकी, खाली १२ व्होल्टची बॅटरी, एक छोटी मोटर, पाइप, दांडी, टोकाला नोझल. दादाने पट्ट्याला धरून तो खाली काढला आणि चालू केला. मोटर घरघरली, नोझलमधून नीट फवारा येण्याऐवजी दांडीच्या जोडावरून पाणी हातावर ओघळलं. दादाने काही न बोलता नोझल फिरवून काढलं, आतला रबरी वॉशर नखाने उचकटून आमच्यापुढे धरला. वॉशर एका बाजूने चपटा होऊन चिरला होता. मग टाकीच्या तोंडावरची जाळी काढली, तिच्यात वाळलेल्या औषधाचा थर. "प्रेशर कमी येतं म्हणून लोक मोटर बदलतात," तो म्हणाला, "अन् जाळी धुतलेली नसते." बॅटरीबद्दल विचारलं तर म्हणाला, हंगाम संपला की पंप तसाच माळ्यावर जातो, बॅटरी उतरलेलीच पडून राहते आणि पुढच्या वेळी चार्ज धरत नाही. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की आतून खराब होते, मधूनमधून चार्ज करत राहिलं तर टिकते.

एवढ्या वेळात आमच्या हाती तीन लेख आले होते. दांडीतून गळणारा पंप, प्रेशर न येणारा पंप, चार्ज न धरणारी बॅटरी. आणि तिन्ही लेख असे, की मोबाइलवर लिहिणाऱ्या कुठल्याही मोठ्या संस्थेला ते लिहिता येणार नाहीत.

विषय मात्र आणखी आखूड करावा लागतो. नुसती "शेती" घेऊन चालत नाही, त्यात बाजारभाव, हवामान, योजना सगळंच येतं आणि तिथे ॲग्रोवनसारखी दैनिकं वर्षानुवर्षं काम करत आहेत. ब्लोअर घ्यावा तर तो कोणी फोनवरून मागवत नाही, डीलरकडे जाऊन, उधारी-अनुदान बोलून घेतो. द्राक्ष-कांद्याच्या शेतकऱ्याची हातातली अवजारं, एवढाच तुकडा मला योग्य वाटला: पाठीवरचे पंप आणि त्यांचे सुटे भाग, छाटणीच्या आणि विरळणीच्या कात्र्या, मण्यांतली साखर मोजायचा ब्रिक्स मीटर, मण्याची साइज मोजायचं माप. या वस्तू कुरिअरने येतात, किंमत आवाक्यात असते आणि वापरताना अडचणी येतात, म्हणजे प्रश्न विचारले जातात.

औषधांना हात लावायचा नाही, हे मी त्याला ठाम सांगितलं. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. बागाईतदार त्याला लिहोसिन किंवा सीसीसी म्हणून ओळखतात. माल अडकला आणि आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचं त्या वर्षीचं गणित कोलमडलं. कोणतं औषध, किती मात्रा, काढणीच्या किती दिवस आधी, हे मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने सांगावं. चार टक्के कमिशनसाठी इंटरनेटवर कोणी ते सांगत बसू नये. जो सल्ला चुकला तर दुसऱ्याची बाग जाते, तो विषय कमिशनच्या धंद्यात आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाकतात ते शब्द. भाच्याने गुगलचं कीवर्ड प्लॅनर उघडून त्यात "स्प्रेयर पंप" टाकलं होतं. मराठी शब्द टाकले तर कितीतरी शब्दांपुढे आकडाच येत नव्हता आणि तो हिरमुसला. हे साधन मुळात जाहिरात देणाऱ्यांसाठी आहे. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला ते शंभर ते हजार असे ढोबळ पल्ले दाखवतं आणि मराठीतल्या लहान शोधांची त्यात दखल फारशी लागत नाही. पुढे आकडा नाही म्हणजे विचारणारा नाही असं होत नाही. माझ्या भावजयीला मी फोनच्या माइकवर बोलताना ऐकलं आहे: "बॅटरी पंपाचं नोझल गळतंय काय करायचं." हे सबंध वाक्य म्हणजे कीवर्ड. "स्प्रेयर" हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. कोणी चार्जिंग पंप म्हणतं, कोणी बॅटरीवाला पंप, कोणी नुसता फवारा. टाइप करणारी तरुण मुलं तेच रोमन लिपीत, मनाला येईल त्या स्पेलिंगने लिहितात. फवारणीची स्पेलिंग तर प्रत्येकाची वेगळी.

त्यामुळे मी त्याला सांगितलं, लॅपटॉप बंद कर आणि वही घे. वडिलांच्या द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभर काय विचारलं गेलं ते वर सरकवत वाच. पिंपळगावला शेती अवजारांच्या दुकानात दुकानदाराची परवानगी घेऊन एक दिवस बाकावर बस. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन पहिलं वाक्य जे बोलतं ते जसंच्या तसं उतरव, शुद्ध करू नको. ती वाक्यं मग गुगलच्या चौकटीत एकेक टाक. खाली सुचवण्या येतात, पानाच्या मध्यावर लोकांनी विचारलेले जोडीचे प्रश्न येतात, तेही वहीत घे. गुगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून पाच वर्षांचा आलेख बघ, कोणता शब्द कोणत्या महिन्यात वर चढतो ते दिसतं. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं: पहिल्या पानावर आत्ता कोण आहे? तिथे जुने व्हिडिओ, सरकारी पीडीएफ आणि कुठल्याशा भाषांतर यंत्राने केलेलं मराठी दिसलं, तर जागा मोकळी आहे असं समज. मोठ्या दुकानांची आणि दैनिकांची पानं दिसली तर दुसरं वाक्य घे.

शोधणाऱ्याच्या मनात काय आहे, हे शब्दांवरून ओळखायला मात्र शिकावं लागतं. "फवारणी पंप अनुदान" हा शोध फार मोठा. २०२४ मध्ये राज्य सरकारने कापूस-सोयाबीन उत्पादकांसाठी शंभर टक्के अनुदानावर बॅटरी पंप द्यायला महाडीबीटी पोर्टलवर अर्ज मागवले, तेव्हा गावोगाव हेच शोधलं जात होतं. पण तो माणूस पंप विकत घ्यायला निघालेला नाही, त्याला फुकट मिळणारा हवा आहे आणि त्यात गैर काही नाही. त्याच्यासाठी लेख लिहिला तर वाचक येतील, कमिशन येणार नाही. "सोळा लिटर घ्यावा की वीस लिटर" असं विचारणारा मात्र खिशात पैसे घेऊन उभा आहे. त्याला सांगता आलं पाहिजे की वीस लिटरचा भरलेला पंप पाठीवर घेऊन ओल्या वाफ्यातून चालणं पन्नाशीच्या माणसाला जड जातं. हे वाक्य अनुभवाशिवाय सुचत नाही. आणि वॉशर शोधणारा? त्याच्या खरेदीतून दोन-चार रुपये सुटले तरी पुष्कळ. पण ज्याचा पंप तुमच्यामुळे दुरुस्त झाला, तो नवा घेताना तुमच्याकडे येतो. सुरुवातीचे बरेच लेख मी अशा दुरुस्तीच्या प्रश्नांवरच लिहायला सांगितले.

पैशाचा हिशोब आधीच करून ठेवावा. समजा पंप ३००० रुपयांचा आणि कमिशन ५ टक्के, म्हणजे १५० रुपये. हजार वाचकांतले शंभर लिंकवर गेले आणि त्यातल्या तिघांनी खरेदी केली तर ४५० रुपये. महिन्याला हजार वाचक आणायलाच नव्या वेबसाइटला कित्येक महिने जातात. त्यामुळे नोकरी सोडायचा विषयच येत नाही, आणि वेबसाइट कशी काढायची हे शिकवायला हजारो रुपये मागणाऱ्या शिकवणीचाही नाही. डोमेन आणि होस्टिंगचे वर्षाचे पैसे भरावेत, बाकी सगळी मेहनत वहीतली.

इथे दोन वेळापत्रकं सांभाळावी लागतात. ॲमेझॉनच्या ॲफिलिएट खात्यात नाव घातल्यापासून १८० दिवसांत निदान तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. म्हणून पहिल्याच दिवशी खातं उघडायची घाई करू नये. आधी लेख लिहावेत, वाचक येऊ द्यावेत, मग अर्ज करावा. दुसरं वेळापत्रक बागेचं. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी वाचला जायला हवा तो लेख ऑक्टोबरात लिहून उपयोग नाही. गुगलला नवं पान सापडून वर यायला वेळ लागतो, म्हणजे खरड छाटणीनंतर, मे-जूनमध्येच तो लिहून झाला पाहिजे. ब्रिक्स मीटरचा लेख दिवाळीच्या आधी, कारण काढणी जानेवारीपासून. वेबसाइट सुरू झाली की गुगल सर्च कन्सोल जोडावं, फुकट आहे. लोक नेमके कोणते शब्द टाकून आपल्या पानापर्यंत आले हे त्यात दिसतं, आणि तिथून पुढचे लेख वाचकच सुचवतो.

आणि कमिशन मिळतं हे वाचकाला सांगायचं, तेही लेखाच्या वर, ठळक. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लिहिणाऱ्याचा विक्रेत्याशी आर्थिक संबंध असेल तर तो सोप्या शब्दांत आणि मजकुराच्याच भाषेत सांगायला हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. मराठी लेखाखाली बारीक अक्षरात इंग्रजी ओळ टाकून मोकळं होता येत नाही. भाच्याला वाटलं, हे वाचून लोक लिंकवर जाणार नाहीत. मला उलट वाटतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला अडत ठाऊक आहे, तिचा त्याला राग नाही. लपवलेल्या अडतीचा आहे.

भाच्याने पंप हा विषय घेतला आहे, पण हे सदर वाचणाऱ्या प्रत्येकाकडे असा एखादा विषय असणार. सातपूर-अंबडच्या कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्याकडे, घरी शिलाई मशीन चालवणाऱ्या ताईकडे, पंचवटीत पूजेचं साहित्य विकणाऱ्याकडे, टाक्या आणि नळ दुरुस्त करणाऱ्या प्लंबरदादाकडे. तुमच्या कामात लोक तुम्हाला सारखा कोणता प्रश्न विचारतात, तो त्यांनी विचारला त्याच शब्दांत, काहीही न सुधारता लिहा आणि या सदराच्या पत्त्यावर पाठवा. ज्यांना वेबसाइट काढायची आहे पण विषय सुचत नाही अशा मुलांसाठी मी ते प्रश्न इथे छापणार आहे.